उदाहरणं वाचली, टिपा राहिल्या

भाताच्या त्या बावीस फायली मी पुसल्या होत्या. ताईंनी नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, आणि आता लिहून झाल्यावर खुर्चीत बसवत नाही. दोनदा उठून ओट्यावर जाऊन आलो. बायको म्हणाली, "परीक्षेचा पेपर आहे का? बसा की एका जागी." पण गेल्या दोन महिन्यांत जे घडलं ते सांगायची मला इतकी घाई झाली आहे की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. आधी जुनं सांगतो.

मुरबाडला दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावागावांत भाताचे जे जुने वाण लोक घरच्या बियाणावर पिकवत होते, त्यांची नोंद करायची, एवढंच काम. आम्ही तिघं. एक साहेब. एक मी, पत्रव्यवहार सांभाळणारा, अजून कायम न झालेला. आणि एक ताई, वैशाखरे गावच्या. खरं काम त्या करायच्या. सकाळी एसटीनं निघायच्या, उतरून वाडी-पाड्यांवर चालत जायच्या. कुणाच्या कणगीतलं मूठभर भात फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आणायच्या आणि चिठ्ठीवर सगळं लिहायच्या: हळवा की गरवा, म्हणजे लवकर येणारा की उशिरा, कुठल्या जमिनीत येतो, लोंबी कशी, भाकरीला चांगला की पेजेला, बियाणं कुणाच्या माहेरून आलं.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. कुणीतरी देणगी दिलेला, पिवळट रंगाचा, बसवायला मोठ्या ट्रंकेएवढी जागा लागणारा. बसवणारा माणूस अर्ध्या दिवसात सगळं शिकवून गेला, म्हणजे काहीच न शिकवता गेला. जाताना दारात चपला घालत म्हणाला, "काही अडलं तर हेल्प टाइप करा."

मी ते शब्दशः पाळलं. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर हेल्प ही इंग्रजीतली चार अक्षरं टाइप करून एंटर दाबलं, आणि पडदा भरून गेला. ओळीनं रांगा. प्रत्येक आज्ञेचं नाव कंसात. टॅब दाबला की कर्सर एका नावावरून दुसऱ्या नावावर उडी मारायचा, एंटर दाबलं की त्या आज्ञेचं पान उघडायचं. प्रत्येक पानाला दोन दारं असायची: एकावर टिपा, दुसऱ्यावर उदाहरणं. मला तेव्हा जो आनंद झाला तो कसा सांगू? माझं इंग्रजी दहावीपुरतं. शेजारी खिशातली डिक्शनरी ठेवून मी एकेक पान वाचायचो आणि दोनशेपानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचो. यंत्र स्वतःच स्वतःबद्दल सांगतंय, न कंटाळता, न रागावता, पुन्हा विचारलं तरी पुन्हा सांगतंय! माझ्या आयुष्यात असा शिक्षक आला नव्हता.

फक्त एक खोड मला होती. मी उदाहरणं वाचायचो, टिपा सोडून द्यायचो. उदाहरण टाइप केलं की लगेच काहीतरी घडायचं. टिपा लांबलचक, आणि त्यांत नुसतं जपून राहा, जपून राहा.

त्याच नादात मी एक पराक्रम केला. यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबायचं तेव्हा पडद्यावर एक ओळ दिसायची, आपण यंत्राच्या कुठल्या कप्प्यात आहोत ते सांगणारी. ती ओळ बदलता येते असं हेल्पमध्ये एक उदाहरण होतं. मी ती बदलली. त्या जागी 'नमस्कार' आणलं, इंग्रजी अक्षरांत. सकाळी यंत्र सुरू केलं की नमस्कार. काही काम केलं की पुन्हा नमस्कार. साहेब खूश झाले, आल्यागेल्याला बोलावून दाखवायचे. ताई हसून म्हणाल्या होत्या, "भाऊ, हा पाव्हणा फारच अदबीचा. पण आपण वसरीवर हाव का माजघरात, ते नाय सांगत."

त्यांनी गमतीत म्हटलं होतं. मी हसून सोडून दिलं.

ताईंना मी टायपिंग दाखवलं. त्या दोन बोटांनी टाइप करायच्या, पण चुका माझ्यापेक्षा कमी. दोन वर्षं चालून आणलेल्या चिठ्ठ्या त्यांनी यंत्रात भरल्या. गावागणिक एक फाइल. बावीस गावं, बावीस फायली.

खंडेनवमी आली. आदल्या दिवशी ऑफिसची साफसफाई. कपाटं रिकामी केली, जळमटं काढली, शिक्के घासले. साहेब म्हणाले, "चिठ्ठ्या आता कॉम्प्युटरमध्ये गेल्यात ना? मग ते कागद कशाला? वाळवी लागेल." त्या चिठ्ठ्या मी मागच्या अंगणात जाळल्या. ताई साडेचारच्या एसटीनं घरी गेल्या. साहेब त्याआधीच गेले होते. मी एकटाच उरलो, आणि माझ्या मनात आलं, सगळं आवरलं, यंत्र आतून कुठं आवरलं? त्यात एक फालतू फायलींचा कप्पा होता. उद्या पूजा व्हायची, तर आतला केरही काढू या. कुदळ-कोयता आपण धुऊन-पुसूनच पाटावर मांडतो.

पुसण्याच्या आज्ञेचं उदाहरण मला पाठ होतं. चांदणी, टिंब, चांदणी. म्हणजे या कप्प्यातलं सगळं. मला वाटलं मी केराच्या कप्प्यात उभा आहे. पडदा म्हणत होता, नमस्कार. मी आज्ञा दिली. यंत्रानं विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की? मी वाय, म्हणजे होकाराचं बटण, दाबलं. पुन्हा नमस्कार.

मी समाधानानं यंत्र बंद केलं, कुलूप लावलं.

खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार कीबोर्डवर आडवा ठेवला, नारळ फोडला. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती, म्हणून ते कुणी सुरू केलं नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी ताई सर्वांत आधी आल्या. त्यांनी यंत्र सुरू केलं, मग हार दिसला म्हणून तो उचलला, आणि हाराखालची दोन-चार बटणं दाबली गेली. पडद्यावर काहीतरी अक्षरं उमटली. त्यांनी एंटर दाबून ती घालवली, आणि आपली फाइल उघडायला गेल्या. फाइल नव्हती. एकही नव्हती.

मी पोचलो तेव्हा साहेब ओरडत होते. ताई हातात हार धरून उभ्या. "हार उचलताना बटणं दाबली गेली, साहेब. आनखी मी काय नाय केलं."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही हेल्प वाचता ना? सांगा. असं होऊ शकतं का?"

मला त्या क्षणी सगळं उमगलं. कप्पा, चांदणी, वाय. आणि मी म्हणालो, "होऊ शकतं, साहेब."

हे माझं दुसरं वाक्य, जे मला लिहायचं होतं.

तिसरं त्याहून वाईट आहे. जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेर गेल्यावर मी हेल्प उघडलं. या खेपेस घाबरून टिपा वाचल्या. पुसलेलं परत आणायची एक आज्ञा होती, अनडिलीट. तिच्या टिपांत लिहिलं होतं की एक पहारेकरी प्रोग्रॅम बसवलेला असला तर तो पुसलेल्या प्रत्येक फाइलचं नाव टिपून ठेवतो, आणि डिस्कवर नवं काही लिहिलं नाही तर फायली परत येतात. आमच्या यंत्रात तो पहारेकरी होता! रोज सकाळी सुरू होताना त्याची ओळ पडद्यावरून जायची आणि मी ती मंत्रासारखी मोठ्यानं वाचायचो, अर्थ न कळता. मी यादी मागवली. बावीस नावं आली. प्रत्येकासमोर पुसल्याची तारीख आणि वेळ. खंडेनवमीचा आदला दिवस, संध्याकाळी पावणेसहा.

ताईंची एसटी साडेचारची.

फायली परत आणल्या तर साहेब विचारणार, कशा आणल्या? यादी बघणार. पंधरा दिवसांत मी कायम होणार होतो. मी यंत्र बंद केलं. उद्या करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी यंत्राला गवसणी घालून ते कपाटात कुलपात ठेवलं होतं. "नको ही ब्याद. रजिस्टरं बरी." ताईंना कुणी काढलं नाही. महिनाभरानं त्यांनीच येणं सोडलं.

मी कायम झालो. पुढं ऑफिसच बंद पडलं. सामान भंगारात निघालं तेव्हा ते यंत्र मी मागून घेतलं आणि खर्डीजवळच्या माझ्या घरी माळ्यावर भाताच्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं. कधी सुरू केलं नाही. टाकूनही दिलं नाही. साहेबही आता नाहीत.

आता या वर्षीचं सांगतो, ज्यासाठी मी एवढा उतावीळ झालो आहे.

दोन महिन्यांपूर्वी मुरबाडला बियाण्यांची जत्रा भरली होती. मी सहज गेलो. एका टेबलामागे ताई बसलेल्या. केस पांढरे, चष्मा, समोर सुपांत सात-आठ प्रकारचं भात. मी खांबाआड थांबलो. कुणीतरी त्यांना विचारत होतं, एवढेच वाण? त्या म्हणाल्या, "पूर्वी पुष्कळ होते. सगळे लिवलेले होते बाबा. कॉम्प्युटरात. पण माझ्याच हातानं पुसले गेले."

माझ्याच हातानं! मी तीस वर्षं समजत होतो की त्या मनात कुणावर तरी संशय धरून असतील, बहुधा माझ्यावर. मला ते सोसत आलं होतं. त्या स्वतःलाच दोषी धरून बसल्या असतील हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी त्यांना न भेटता घरी आलो, जेवलो नाही, आणि बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं. मग माळ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे ते भूत अजून तिथं बसलंय, आणि त्याला सगळं ठाऊक आहे?"

मी ताडकन उभा राहिलो. खरंच की! त्या दिवसानंतर त्या डिस्कवर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. खंडेनवमीची विश्रांती, दसऱ्याची सुट्टी, मग कुलूप, मग माळा. पहारेकरी तिथंच उभा होता!

"शिडी कुठं आहे?" मी ओरडलो.

"शिडी सापडेल. गुडघे कुठून आणाल?"

यंत्र रिक्षात घालून आटगावला नेलं. तिथं स्टेशनबाहेर एका रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. माणूस माझ्याहून जरा लहान, आता त्याच्याकडे टीव्हीही कुणी आणत नाही, तरी रोज दुकान उघडतो. त्यानं गोणपाट सोडलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, हा कॉम्प्युटर म्हणायचा का पेटारा?"

"चालू होईल का?"

त्यानं झाकण उघडलं, फुंकर मारली. "आत उंदरीण बाळंत होऊन गेलीय. तिचा सगळा संसार काढू, मग सांगतो."

चार दिवस मी रोज सकाळच्या गाडीनं आटगावला गेलो. त्यानं घरटं काढलं, आतली गळलेली बॅटरी काढून हिरवा गंज ब्रशनं धुतला, वीज देणाऱ्या डब्यातले दोन भाग बदलले. पाचव्या दिवशी वीज दिली. पंखा फिरला. पण डिस्क फिरेना. आतून नुसतं टक, टक.

"संपलं," मी म्हणालो.

"काय संपलं? माणसाचं गुडघं आखडत नाय काय?" त्यानं डिस्क बाहेर काढली, तळहातावर आडवी धरली आणि मनगटाला असा काही हिसका दिला, जशी आपण भाकरी उलटवतो. पुन्हा जोडली. वीज दिली. क्षणभर काही नाही, आणि मग तो आवाज आला. विमान लांबून यावं तसा चढत जाणारा. तीस वर्षांनी मी तो आवाज ओळखला! मी त्या माणसाचा दंड इतक्या जोरात धरला की तो म्हणाला, "काका, मला नका दाबू, काय ते बटण दाबा."

यंत्रानं आधी डिस्क कुठल्या जातीची ते विचारलं, तिच्यावरच्या चिठ्ठीवरचे आकडे बघून आम्ही ते भरले. मग तारीख विचारली. बॅटरी गेल्यानं त्याचं घड्याळ कितीतरी वर्षं मागं पडलं होतं; त्याच्या समजुतीप्रमाणे मी अजून तरुण होतो, ताई नोकरीला लागायच्या होत्या. आम्ही आजची तारीख घातली. मग पडद्यावरून ओळी सरकल्या. त्यांत ती एक ओळ, पहारेकऱ्याची. आणि सगळ्यात खाली, तीस वर्षं वाट पाहत थांबलेलं:

नमस्कार.

मी खाली स्टुलावर बसलो. दुकानदार म्हणाला, "लई संस्कारी मशीन आहे हो." मला हसू आणि रडू एकदम आलं.

बोटं कीबोर्डवर ठेवली आणि लक्षात आलं, मला एकही आज्ञा आठवत नाही. वही कधीच हरवलेली. एकच शब्द आठवत होता. हेल्प. टाइप केला, आणि पडदा भरून गेला. त्याच रांगा, तेच कंस. ज्याच्याशी मी बेइमानी केली त्या शिक्षकानं काही झालंच नसल्यासारखं पुस्तक उघडून समोर धरलं होतं.

टॅब दाबत दाबत अनडिलीटवर गेलो. या खेपेला उदाहरणांना हातही लावला नाही. टिपा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्यानं. दुकानदाराला मध्येच हुक्की आली, "काका, माझ्याकडे जुना एक गेम पडलाय, टाकून बघू का चालतो का?"

"खबरदार!" मी असा ओरडलो की समोरचा वडापाववाला बघायला आला. टिपांत स्पष्ट लिहिलं होतं, काही नवं डिस्कवर लिहू नका.

मग यादी मागवली. यंत्रानं उत्तर दिलं: पुसलेल्या फायली बावीस. त्यांपैकी पूर्ण परत मिळू शकतील अशा, बावीस.

बावीसच्या बावीस! मी दुकानदाराला मिठी मारली. त्याला भाताशी काही देणंघेणं नव्हतं, पण तोही नाचायला लागला. मग खालच्या ओळी दिसल्या. तारीख. पावणेसहा. बावीस वेळा. मी त्याला म्हटलं, याचा मोबाईलवर फोटो काढा आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. तो म्हणाला, "कशाला?" मी म्हणालो, "हा माझा कबुलीजबाब आहे."

मग एकेक फाइल. यंत्र विचारी, परत आणू? मी वाय दाबी. तेच बटण. आटगावची आली. खर्डीची आली. पडद्यावर पानं उलटत गेली, इंग्रजी अक्षरांत ताईंचं मराठी. मी तिथंच बसून नव्या वहीत आपल्या लिपीत उतरवत गेलो, पुढचे तीन दिवस. दुकानदार चहा आणून ठेवायचा, तो गार व्हायचा. एका वाडीचा हळवा वाण, 'हत्तीच्या पायाखाली आला तरी उठतो' असं सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडचा. एक गरवा, फक्त बाळंतिणीच्या पेजेसाठी एका बांधावर ठेवलेला. मी वाचायचो आणि दुकानदाराला ऐकवायचो, आणि तो म्हणायचा, "आमच्या आजीकडे होता असाच काहीतरी. लिवा, लिवा!"

एकवीस झाल्या. बाविसावी वैशाखऱ्याची. यंत्रानं विचारलं, परत आणू? माझं बोट वायवर होतं. मी ते उचललं आणि नकाराचं बटण दाबलं.

वैशाखऱ्याला गेलो तो आटगावहून शहापूर, शहापूरहून मुरबाड, तिथून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीनं. ताई ओट्यावर सुपात भात पाखडत होत्या. मला ओळखायला क्षणभर लागला.

"भाऊ? या, या. किती वाळलात! बसा, पानी आनते."

"आधी हे बघा," म्हणून मी छापलेला कागद पुढं केला. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं. गावांची नावं. तारीख. वेळ. बोट वेळेवर थांबलं.

"पावणेसहा," त्या म्हणाल्या. "माझी गाडी साडेचारची असायची."

"हो."

"हार तर मी तिसऱ्या दिवशी उचलला."

"त्याच्या आधीच सगळं गेलेलं होतं. मी पुसलं होतं, ताई. चुकून. पण नंतर कळलं तेव्हा बोललो नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

सुपातलं भात एका बाजूला ओघळलं, ते त्यांनी सावरलं नाही. मग म्हणाल्या, "मी ऐकलं होतं ते. 'होऊ शकतं, साहेब.' मला वाटलं, हा मानूस हेल्प वाचतो, म्हंजे खरंच असनार." मग घराच्या आत बोट दाखवलं. "आत मिक्सर हाय. मी पाट्यावर वाटते. सुना म्हनतात, आमच्या सासूबायना जुन्याची हौस. मोबाईल वाजला तर बटन दुसऱ्याला दाबायला सांगते. माझ्या हाताला यंत्र चालत नाय, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. तीस वर्षं, भाऊ."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ द्या. पिशवीत काय हाय?"

मी वही दिली. पहिलं पान वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. "हा बघा! हा आटगावच्या बाजूच्या वाडीवरचा! म्हातारी दार उघडीना, मी पावसात तशीच उभी. अरे देवा, हे पन हाय!" त्या भराभर पानं उलटू लागल्या. "इथं चुकलात. हा निमगरवा, तुमी गरवा लिवलंय. आना ते पेन." मी पेन दिलं. त्यांनी खोडून दुरुस्त केलं. तासभर आम्ही दोघं पावसात भिजल्या पोरांसारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो. मध्येच त्यांना काहीतरी आठवायचं आणि त्या माझ्याकडे रोखून बघायच्या. मी मान खाली घालायचो. मग त्या पुढचं पान उलटायच्या.

शेवटी म्हणाल्या, "माझ्या गावची कुठाय?"

"अजून यंत्रात आहे. मी वाय दाबलं नाही. ते तुम्ही दाबावं."

"म्हंजे चूक तुमची नि एसटीचे धक्के मी खायचे?"

"तसंच म्हणा."

"भारी शहाने." पण त्यांनी विचारलं, "मंगळवारी दुकान उघडं असतं काय?"

मी निघताना त्यांनी ओट्यावरूनच हाक मारली. "भाऊ, पुढच्या जत्रेत माझ्या शेजारी बसायचं. कोनी इचारलं का पुसलं कोनी, तर तुमी सांगायचं. आनि लिवून काढा सगळं. नावं घालू नका. माझं नको, साहेबांचं नको, तुमचं पन नको. काय केलंत ते लिवा." म्हणून हे लिहितो आहे, आणि म्हणून यात नावं नाहीत.

मंगळवारी त्या आल्या. दुकानाच्या पायरीशी चपला काढल्या. पूर्वी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला चालत नसत, ते त्यांना अजून लक्षात होतं. दुकानदारानं घाईघाईनं स्टूल पुसलं. त्या बसल्या, हात मांडीवर घट्ट धरून. पडदा उजळला. नमस्कार.

मी आज्ञा टाइप करायला वाकलो.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी ती हेल्प दाखवा. उदाहरनं नकोत. टिपा."

मी टिपा उघडल्या आणि अर्थ सांगत वाचल्या, एकही ओळ न सोडता. दोन ठिकाणी त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "बरं. आता ते इचारू द्या."

यंत्रानं विचारलं. त्यांनी पदराला बोट पुसलं, कीबोर्डवर नेलं, मागं घेतलं. पुन्हा नेलं. त्यांनी वाय दाबलं.

फाइल परत आल्याची ओळ उमटली. आम्ही ती उघडली. पहिलीच नोंद त्यांच्या आईच्या शेतातली होती: गरवा, लोंबी तांबूस, बियाणं आजीच्या माहेरचं, नाव विचारलं तर आई म्हणते 'आपला भात', दुसरं नाव नाही.

ताईंनी ती दोनदा वाचली. मग चष्मा पुसून परत लावला, स्टूल पुढं ओढलं आणि पडद्याच्या खालच्या ओळीकडे बोट केलं.

"सगळं आलं ना आता? काय लिवलं तर बिघडत नाय?"

"सगळं आलं. वहीतही आहे."

"मग आधी ते नमस्कार काढा. मी कुठं उभी हाय ते दिसू द्या." आणि मी हात पुढं केला तसा तो बाजूला सारून त्या म्हणाल्या, "नाय, तुमी नको. हेल्प उघडा. मी वाचते."